रिपोर्ट उघडताना स्क्रीन पांढरी पडते? शेअर्ड प्रिंटरपासून सुरू करायची क्रमवार तपासणी

मार्केट यार्डातल्या अडत दुकानात कांद्याची पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा विक्रीचा हिशेब, काढायची असते. शेतकरी काउंटरसमोर उभा, बाहेर गाडी रिकामी होऊन थांबलेली. पट्टीच्या बटणावर क्लिक केले की खिडकी पांढरी पडते, खिडकीच्या वरच्या कडेला ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ येते आणि पाऊण मिनिटाने एका पानाची पट्टी दिसते. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत मजुरी पत्रक किंवा सूत साठ्याचा रिपोर्ट काढतानाही हीच तक्रार ऐकू येते.

यावर लगेच निदान होते की डेटा फार झाला. मग डेटाबेस कॉम्पॅक्ट करणे, रॅम वाढवणे, एसएसडी बसवणे असा खर्च सुरू होतो आणि पांढरी स्क्रीन तशीच राहते. क्रम चुकतो तो इथे. आधी प्रिंटर तपासायचा, डेटाबेस नंतर. प्रिंटरची तपासणी फुकट आहे आणि तासाभरात होते.

प्रिंटरचा संबंध येतो कुठे

ॲक्सेस, व्हिज्युअल फॉक्सप्रो, क्रिस्टल रिपोर्ट्स यांसारखे प्रोग्रॅम रिपोर्टचे पान नुसते पडद्यावर दाखवायचे असले तरी आधी प्रिंटरच्या ड्रायव्हरला (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) विचारतात. कागद केवढा, कडेला किती जागा छापता येत नाही, प्रिंटरचे स्वतःचे फॉन्ट कोणते. हे कळल्याशिवाय पान कुठे तुटणार ते ठरत नाही.

प्रिंटर तुमच्याच संगणकावर बसवलेला असेल तर उत्तर क्षणात मिळते. तो मुनीमजींच्या संगणकावरून शेअर केलेला असेल तर ही विचारणा नेटवर्कवरून त्यांच्या संगणकाकडे जाते. मुनीमजी संगणक बंद करून जेवायला गेले असतील तर विंडोज उत्तराची वाट पाहत बसते आणि मुदत संपल्यावरच पुढे सरकते. तुम्हाला छापायचे काहीच नव्हते, फक्त पाहायचे होते, तरीही.

## टप्पा १ : तयारी

काम दुकान किंवा ऑफिस बंद झाल्यावर करा, पण पहिली वेळमोजणी भर कामाच्या वेळेत घ्या. रात्री नेटवर्क मोकळे असते आणि तेव्हा दोष लपतो.

हाताशी ठेवायच्या गोष्टी:

- प्रत्येक संगणकाचा ॲडमिनिस्ट्रेटर पासवर्ड आणि राऊटरचा पासवर्ड.
- डेटाबेसची आणि रिपोर्टच्या फाइलींची ताजी कॉपी, वेगळ्या पेनड्राइव्हवर.
- प्रत्येक प्रिंटरचे पूर्ण मॉडेल नाव आणि कंपनीच्या साइटवरून उतरवलेला ड्रायव्हर.
- डॉट मॅट्रिक्स असेल तर वापरात असलेल्या सलग कागदाचे माप. १० × १२ इंच की १५ × १२ इंच, हे अंदाजाने लिहू नका, मोजपट्टीने मोजा.
- मोबाइलचे स्टॉपवॉच आणि एक वही.

वहीत चार रकाने आखा: संगणक, रिपोर्टचे नाव, त्या वेळचा डिफॉल्ट प्रिंटर, लागलेले सेकंद. ‘आता जरा बरे वाटते’ असल्या अंदाजावर चाललेली दुरुस्ती आठवड्यात परत बिघडते. आकडा लिहिलेला असेल तर बिघाड कधी परतला तेही कळते.

## टप्पा २ : वेळ मोजा आणि दोष कुठला ते वेगळे करा

एकच रिपोर्ट दोनदा काढा, एकदा एका दिवसाचा आणि एकदा पूर्ण हंगामाचा. प्रत्येक मोजणीआधी प्रोग्रॅम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. एकदा विचारलेली माहिती प्रोग्रॅम लक्षात ठेवतो, म्हणून दुसऱ्यांदा काढलेला रिपोर्ट नेहमी लवकर उघडतो आणि दुरुस्ती झाल्याचा भास होतो.

समजा, एका दिवसाची यादी ४६ सेकंदांत उघडली आणि पूर्ण हंगामाची ५२ सेकंदांत. ओळी शेकडो पटींनी वाढल्या, वेळ मात्र सहाच सेकंदांनी. ते सहा सेकंद डेटाबेसचे. उरलेले कुठेतरी वाट पाहण्यात गेले, आणि तसे असेल तर प्रिंटरवर संशय पक्का करा. उलट एका दिवसाला ३ सेकंद आणि हंगामाला ५० सेकंद लागत असतील तर सरळ टप्पा ७ कडे जा.

आता मुख्य चाचणी:

१. सेटिंग्जमध्ये ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’ उघडा.
२. ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ हा पर्याय बंद करा. तो चालू असेल तर शेवटी ज्यावर छापले तोच प्रिंटर आपोआप डिफॉल्ट होतो आणि तुमची चाचणी फसते.
३. ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ डिफॉल्ट करा.
४. प्रोग्रॅम बंद करून उघडा, तोच रिपोर्ट काढा, सेकंद लिहा.

वेळ ४६ वरून ४-५ सेकंदांवर आली तर दोषी सापडला.

सावधान: पीडीएफ डिफॉल्ट असताना रिपोर्ट डिझाइनमध्ये उघडून सेव्ह करू नका. डॉट मॅट्रिक्सचे स्वतःचे अक्षरफॉन्ट पीडीएफ ड्रायव्हरकडे नसतात. रिपोर्ट दुसऱ्या फॉन्टवर जातो, रकाने सरकतात आणि हमाली-तोलाईचे आकडे शेजारच्या चौकटीत घुसतात.

तपासा: चाचणीत काहीच फरक पडला नाही, तरी प्रिंटर निर्दोष ठरत नाही. रिपोर्टमध्येच ठरावीक प्रिंटर बांधलेला असू शकतो आणि मग डिफॉल्ट बदलून उपयोग नसतो. ॲक्सेसमध्ये रिपोर्टच्या ‘पेज सेटअप’मधला ‘पेज’ टॅब पाहा. तिथे ‘यूज स्पेसिफिक प्रिंटर’ निवडलेले असेल तर टप्पा ५ आधी करा.

आणखी एक पुरावा टास्क मॅनेजरमध्ये मिळतो. स्क्रीन पांढरी असताना ‘डीटेल्स’ टॅबमध्ये प्रोग्रॅमच्या नावावर राइट क्लिक करून ‘ॲनलाइझ वेट चेन’ निवडा. प्रोग्रॅम ‘एसपीएल-डब्ल्यूओडब्ल्यू-६४’ या प्रक्रियेसाठी थांबलेला दिसला तर शंका उरत नाही. ३२-बिट प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर प्रिंटरच्या ड्रायव्हरशी तिच्यामार्फतच बोलतो.

## टप्पा ३ : मेलेले प्रिंटर आणि अडकलेली कामे काढा

हा टप्पा लोक सर्रास गाळतात. बहुतेक संगणकांवर जुन्या सर्व्हरचे, विकून टाकलेल्या प्रिंटरचे, ‘कॉपी १’ नावाचे असे चार-पाच प्रिंटर पडून असतात. त्यांतला एखादा अस्तित्वात नसलेल्या संगणकाकडे बोट दाखवत असेल तर प्रिंटरची यादी मागणारा प्रत्येक प्रोग्रॅम त्याच्यापाशी अडखळतो.

१. वापरात नसलेले सगळे प्रिंटर यादीतून काढा.
२. ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘प्रिंट स्पूलर’ (छपाईची रांग सांभाळणारी विंडोजची सेवा) थांबवा.
३. विंडोजच्या ‘सिस्टिम-३२’ फोल्डरमधल्या ‘स्पूल’मध्ये ‘प्रिंटर्स’ नावाचे फोल्डर आहे. त्याच्या आतल्या फाइली पुसा. फोल्डर तसेच ठेवा.
४. स्पूलर पुन्हा सुरू करा.

सावधान: यजमान संगणकावर, म्हणजे ज्यावरून प्रिंटर शेअर केला आहे त्यावर, हे केले तर सगळ्यांची रांगेतली कामे जातात. कुणाचे चलन किंवा पट्टी छापायची राहिली आहे का, हे आधी विचारून घ्या.

हे झाले की मूळ प्रिंटर डिफॉल्ट करून पुन्हा सेकंद मोजा. वेळ उतरली असेल तर पुढे जायची घाई नको. दोन दिवस कामाच्या वेळेत आकडे लिहा, मग ठरवा.

## टप्पा ४ : जोडणी बदला

खरी दुरुस्ती इथे होते. उद्देश एकच: कागद, कडा, फॉन्ट यांची विचारणा स्वतःच्याच संगणकावर मिटली पाहिजे आणि नेटवर्कवरून फक्त छापायचा मजकूर गेला पाहिजे.

### क) प्रिंटरला स्वतःचे नेटवर्क पोर्ट असेल तर

दुसऱ्या संगणकामार्फत केलेले शेअरिंग सोडा. प्रत्येक संगणकावर प्रिंटर थेट आयपी पत्त्याने (नेटवर्कवरच्या त्याच्या क्रमांकाने) बसवा.

आधी पत्ता पक्का करा. सोलापुरात उन्हाळ्यात वीज गेली-आली की राऊटर नव्याने सुरू होतो आणि प्रिंटरला वेगळा पत्ता देऊन मोकळा होतो. संगणक जुन्या पत्त्यावर हाका मारत राहतात. ‘काल चालत होते, आज सकाळपासून अडकते’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असते.

१. राऊटरच्या डीएचसीपी (आयपी पत्ते वाटण्याच्या) पानावर जाऊन प्रिंटरच्या मॅक पत्त्यासाठी (उपकरणाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकासाठी) एक आयपी राखून ठेवा. ती सोय नसेल तर प्रिंटरच्या पॅनेलवरून पत्ता हाताने द्या, पण राऊटर वाटतो त्या टप्प्याच्या बाहेरचा. राऊटर १९२.१६८.१.१०० ते २०० वाटत असेल तर प्रिंटरला १९२.१६८.१.५० चालेल.
२. प्रिंटर बंद-चालू करून पत्ता तोच राहतो का ते पाहा.
३. संगणकावर प्रिंटर जोडताना ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ निवडा. आपोआप सापडलेला प्रिंटर स्वीकारू नका. विंडोज तेव्हा बहुतेक वेळा डब्ल्यूएसडी पोर्ट बनवते आणि प्रिंटर झोपेत गेला किंवा पत्ता बदलला की ते पोर्ट हमखास रुसते.
४. प्रोटोकॉल ‘रॉ’, पोर्ट क्रमांक ९१००. लेझर प्रिंटरवर बहुधा हाच चालतो.
५. ‘कॉन्फिगर पोर्ट’मध्ये ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ (प्रिंटरची स्थिती विचारत राहण्याची सोय) यावरची खूण काढा. प्रिंटरने या विचारणेला उत्तर दिले नाही तर विंडोज चालू प्रिंटरलाही ‘ऑफलाइन’ समजते.
६. कंपनीचा ड्रायव्हर घाला. छापण्यापुरता साधा ड्रायव्हर आणि शाई-स्कॅनिंगच्या सूचना देणारे भलेमोठे पॅकेज असे दोन्ही मिळत असतील तर साधाच घ्या.

एवढे करूनही खिडकी थोडी अडखळत असेल तर ‘पोर्ट्स’ टॅबमधला ‘बायडायरेक्शनल सपोर्ट’ बंद करून पाहा. टोनर किती उरला ते मग संगणकावर दिसणार नाही. रोज शेकडो पट्ट्या काढणाऱ्या दुकानात ही तडजोड परवडते.

### ख) यूएसबीने एका संगणकाला जोडलेला डॉट मॅट्रिक्स असेल तर

अडत दुकानांत हाच प्रकार जास्त आहे. या प्रिंटरला स्वतःचा आयपी नसतो, त्यामुळे वरचा मार्ग लागू पडत नाही. तरी विचारणा घरातल्या घरात मिटवता येते.

१. यजमान संगणकावर शेअरचे नाव छोटे आणि बिनजागेचे ठेवा, उदाहरणार्थ फक्त ‘पट्टी’ हे नाव रोमन लिपीत.
२. दुसऱ्या संगणकावर ‘ॲड लोकल प्रिंटर’ निवडा, नेटवर्क प्रिंटर निवडू नका.
३. ‘क्रिएट अ न्यू पोर्ट’मध्ये प्रकार ‘लोकल पोर्ट’.
४. पोर्टच्या नावात दोन उलट्या तिरक्या रेघा, यजमान संगणकाचे नाव, एक उलटी तिरकी रेघ आणि शेअरचे नाव लिहा. मध्ये कुठेही जागा सोडू नका.
५. यजमानावर आहे तोच ड्रायव्हर इथे बसवा.

आता मुनीमजींचा संगणक बंद असला तरी रिपोर्ट लगेच उघडतो. अडेल ती फक्त छपाई, आणि ती रांगेत थांबते.

या पद्धतीचा दुसरा फायदाही मोठा आहे. सप्टेंबर २०२१ च्या विंडोज सुरक्षा अपडेटनंतर शेअर्ड प्रिंटर जोडताना एरर येऊ लागली. ती टाळायला रजिस्ट्रीत बदल करून संरक्षण उतरवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नका. हिशेबाचा सगळा डेटा ज्या नेटवर्कवर आहे तिथले कुलूप प्रिंटरसाठी काढणे धोक्याचे आहे. लोकल पोर्टच्या मार्गाने त्याची गरजच पडत नाही.

सावधान: सलग कागदाचे खास माप यजमान संगणकावर बनवलेले असले तरी या संगणकावर ते नसते. ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’च्या ‘फॉर्म्स’ टॅबमध्ये त्याच नावाने, त्याच मापाने नवा फॉर्म बनवा आणि प्रिंटरच्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये तो निवडा. हे विसरलात तर पहिली पट्टी बरोबर येते, दुसरी थोडी खाली सरकते आणि दहावी थेट छिद्ररेषेवर छापली जाते.

तपासा: पाच पट्ट्या सलग छापा. पाचव्या पट्टीचे मथळ्याचे अंतर पहिलीइतकेच आहे का, ते मोजपट्टीने मोजा.

### यजमान संगणकावर करायच्या गोष्टी

स्लीप ‘नेव्हर’ करा. नेटवर्क प्रोफाइल ‘प्रायव्हेट’ आहे का पाहा. नवा राऊटर बसवल्यावर ते ‘पब्लिक’ होते आणि शेअरिंग बंद पडते. यजमानाचा पासवर्ड बदलला असेल तर बाकी संगणकांच्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मधला जुना पासवर्ड काढून नवा भरा.

राऊटर आणि नेटवर्क स्विच यूपीएसवर घ्या. लेझर प्रिंटर मात्र घेऊ नका. तापताना तो एकदम मोठा करंट ओढतो आणि छोटा यूपीएस ओव्हरलोड होऊन सगळेच बंद पडते. म्हणजे वीज गेल्यावर संगणक चालू आणि प्रिंटर बंद, ही स्थिती कधीतरी येणारच. रिपोर्ट तेव्हाही उघडला पाहिजे, म्हणून तर जोडणी बदलायची.

कारखान्यात स्विच मागाजवळ भिंतीला लावलेला असेल तर त्यात कापसाचे तंतू साचतात आणि हादऱ्याने केबलची पिन सैल होते. सहा महिन्यांतून एकदा ते तंतू झटकून काढा आणि पिन दाबून पाहा.

## टप्पा ५ : रिपोर्टमध्ये बांधलेला प्रिंटर सोडवा

ॲक्सेस : योग्य प्रिंटर डिफॉल्ट असताना रिपोर्ट डिझाइनमध्ये उघडा, ‘पेज सेटअप’मध्ये ‘डिफॉल्ट प्रिंटर’ निवडा, कागद आणि समास पुन्हा तपासा, मग सेव्ह करा. उपरिपोर्ट असतील तर तेही एकेक करून उघडा. मुख्य रिपोर्ट सोडवला आणि आतला तसाच राहिला, ही नेहमीची चूक.

लेझरवर पत्रके आणि डॉट मॅट्रिक्सवर पट्ट्या अशी वाटणी असेल तर प्रिंटर रिपोर्टमध्ये कोरण्याऐवजी ‘छापा’ बटणाच्या कोडमध्ये ठरवा. ‘ॲप्लिकेशन डॉट प्रिंटर’ला हवा तो प्रिंटर द्यायचा, छापायचे आणि लगेच ‘नथिंग’ देऊन डिफॉल्टवर परतायचे. शेवटची ओळ राहिली तर पुढची सगळी पत्रके डॉट मॅट्रिक्सवर निघू लागतात.

व्हिज्युअल फॉक्सप्रो : प्रिंटरची माहिती एफआरएक्स फाइलच्या पहिल्या नोंदीत साठते. एफआरएक्स आणि एफआरटी या दोन्ही फाइलींची कॉपी घ्या. पहिल्या नोंदीतले ‘टॅग’ आणि ‘टॅग२’ हे रकाने रिकामे करा. ‘एक्सप्र’ रकान्यातून ‘ड्रायव्हर’, ‘डिव्हाइस’, ‘आउटपुट’ या ओळी काढा. ‘ओरिएंटेशन’ आणि ‘पेपरसाइझ’ या ओळींना हात लावू नका, नाहीतर आडवा रिपोर्ट उभा छापला जाईल. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये हे ज्याने ते बनवले त्याच्याकडूनच करून घ्या.

क्रिस्टल रिपोर्ट्स : ‘पेज सेटअप’मध्ये ‘नो प्रिंटर’ निवडा. फक्त पाहायच्या रिपोर्टसाठी हे उत्तम. ठरावीक कागदावर जाणाऱ्या रिपोर्टला लावण्याआधी एक प्रत छापून पाहा, कारण ओळी थोड्या सरकतात.

## टप्पा ६ : रिमोट डेस्कटॉपवर काम असेल तर

ऑफिस शहरात आणि डेटा चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यातल्या सर्व्हरवर, अशी मांडणी असेल तर जोडणी करताना तुमच्या संगणकावरचे सगळे प्रिंटर तिकडे नेले जातात. रिपोर्ट उघडताना विचारणा सर्व्हरकडून इंटरनेटवरून परत तुमच्याकडे येते. रिमोट डेस्कटॉपच्या ‘लोकल रिसोर्सेस’ टॅबमध्ये ‘प्रिंटर्स’वरची खूण काढून वेळ मोजा. फरक पडला तर सर्व्हरवर पीडीएफ डिफॉल्ट ठेवा, फाइल इकडे आणा आणि इकडून छापा. ठरावीक मापाच्या पट्टीला मात्र हा मार्ग लावू नका.

## टप्पा ७ : ओळींबरोबर वेळ वाढत असेल तर

मग दोष क्वेरीत (डेटाबेसमधून ओळी निवडून आणणाऱ्या सूचनेत) किंवा रिपोर्टच्या रचनेत आहे. रिपोर्ट ज्या क्वेरीवर उभा आहे ती एकटी चालवा आणि शेवटच्या ओळीवर जा. तीच हळू असेल तर तारीख आणि पार्टी कोड या रकान्यांवर इंडेक्स आहे का ते पाहा. प्रत्येक ओळीत ‘डीलुकअप’ किंवा ‘डीसम’ (दुसऱ्या टेबलातून किंमत किंवा बेरीज आणणारी ॲक्सेसची फंक्शने) असेल तर तो काढून टेबल क्वेरीत जोडा.

क्वेरी झटपट आणि रिपोर्ट हळू असेल तर पानाच्या तळाशी ‘४० पैकी पान १’ असे छापता का ते बघा. एकूण पाने माहीत होण्यासाठी पहिले पान दाखवण्याआधी पूर्ण रिपोर्ट मांडावा लागतो. नुसता पान क्रमांक ठेवला की पहिले पान लवकर दिसते. ॲक्सेसचा डेटा वायफायवरून उघडत असाल तर केबल टाका. वायफाय तुटले तर फाइल खराब होण्याचाही धोका असतो.

## टप्पा ८ : केबल काढून परीक्षा

सगळे झाल्यावर भर कामाच्या वेळेत, सर्वांना सांगून, नेटवर्क प्रिंटरची केबल काढा. यूएसबीवाला असेल तर यजमान संगणक पूर्ण बंद करा, पण त्यावर डेटाबेस ठेवलेला नाही याची आधी खात्री करा. आता बाकी प्रत्येक संगणकावर प्रोग्रॅम नव्याने उघडून टप्पा २ मधलाच रिपोर्ट काढा आणि सेकंद वहीत लिहा.

आकडा प्रिंटर चालू असतानाच्या आकड्याइतकाच आला पाहिजे. एखादाच संगणक पुन्हा पांढरा पडला तर त्याच्यावर जुनी शेअर्ड जोडणी उरलेली आहे. त्या संगणकापुरते टप्पा ३ पासून परत करा. केबल जोडल्यावर रांगेतल्या पट्ट्या आपोआप छापल्या जातात का तेवढे पाहा, आणि दोनदा आलेल्या प्रती फाडून टाका, म्हणजे एकाच गाडीच्या दोन पट्ट्या हिशेबात जाणार नाहीत.